डेकला पॉलिश लावण्याआधी त्याच्या खाली शिरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरामागचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, नऊ वर्षांचा झाला. फळ्या करड्या पडल्यात, दोन-तीन जागी पाय दिला की लवतात, खिळ्यांची डोकी वर आलीत आणि एका बाजूचा कठडा हलतो. रंगकाम करणारा म्हणतो, मशीनने घासून वरून चकचकीत वॉर्निश चढवू, नव्यासारखा दिसेल. ते करावं, की सगळं लाकूड काढून लाकडासारख्या दिसणाऱ्या कॉम्पोझिट (भुसा आणि प्लास्टिकच्या) फळ्या टाकाव्यात?

वॉर्निश नको. खरं तर आत्ता लगेच काहीच लावू नका. तुमच्या चार तक्रारींपैकी करडेपणा ही मुळात तक्रारच नाही. उन्हाने लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे करडे तंतू उरतात. हा थर इतका पातळ असतो की रंध्याच्या एका हाताने खालचं मूळ लाकूड दिसतं. लवणारी फळी आणि हलणारा कठडा यांचं मात्र मूळ शोधावं लागेल, आणि ते वरून दिसत नाही.

मी पंचवीसेक वर्षं सुतारकाम करतोय, त्यातलं निम्म्याहून जास्त उघड्यावरच्या लाकडाचं. एवढ्या वर्षांत नुसत्या पावसाने कुजलेली फळी मला क्वचितच भेटली. पाऊस पडला, वाहून गेला, लाकडाला वारा लागला की लाकूड मजेत असतं. कुजतं ते पाणी अडकतं तिथे. दोन लाकडं एकमेकांना चिकटून बसतात ती जागा, फळीचं कापलेलं टोक, स्क्रूच्या डोक्याभोवतीचा खळगा, पालापाचोळ्याने बुजलेली फट. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढू शकत नाही. तीस टक्क्यांच्या आसपास आणि त्याच्या वर तिची चैन असते. म्हणून डेकची दुरुस्ती म्हणजे आधी ओल कुठे मुक्कामाला राहते ते शोधणं. रंग सगळ्यात शेवटी.

जुने कपडे घाला, विजेरी घ्या, सोबत एक टोच्या. टोच्या नसेल तर अणकुचीदार जुना स्क्रू ड्रायव्हर चालेल. खाली माणूस शिरण्याइतकी जागा नसेल तर लवणाऱ्या दोन-तीन फळ्याच आधी उचकटा, त्या तशाही निघणार आहेत. टोच्या लाकडात तिरपा खुपसायचा आणि कपची वर उचलायची. लाकूड निरोगी असेल तर लांब, रेषेदार कपची निघते, निघताना ‘कट्’ असा आवाज येतो. कुजायला लागलेलं असेल तर आखूड तुकडा खपलीसारखा पडतो, आवाज येत नाही. ही परीक्षा आमच्या मिस्त्रींनी मला शिकवली आणि अजून तिने मला फसवलेलं नाही. डोळे मात्र फसवतात. वरून काळंकुट्ट दिसणारं लाकूड आतून ठणठणीत निघतं, आणि नुकताच रंग लावलेला वासा (फळ्यांना खालून पेलणारं आडवं लाकूड) आतून भुसा झालेला असतो. ओलावा मोजायचं दोन सुयांचं छोटं मीटर मिळतं, ते घेतलंत तर पुढे रंगाच्या वेळीही कामाला येईल.

पहिली जागा घराच्या भिंतीची. भिंतीला लागून जी आडवी जाड फळी असते, जिच्यावर सगळ्या वाशांची एक बाजू टेकलेली असते, तिला लेजर म्हणतात. डेक कोसळल्याच्या घटना तपासल्या की बहुतेक वेळा घात इथेच झालेला असतो. कारणं दोन. एक, लेजर नुसत्या खिळ्यांवर मारलेला असतो. खिळा उभा भार बऱ्यापैकी सोसतो, पण बाहेरच्या बाजूने ओढ बसली की निसटतो. दुसरं, भिंत आणि लेजर यांच्या मधल्या फटीत पाणी उतरतं आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाट नसते.

एका घरी मी फक्त दोन फळ्या बदलायला गेलो होतो. भिंतीजवळची फळी काढली आणि सवयीने लेजरच्या वरच्या कडेला टोच्या लावला. टोच्या मुठीपर्यंत आत गेला. समोरून पाहिलं तर लेजर छान दिसत होता, मागची बाजू ओल्या चहापत्तीसारखी झाली होती. पाऊण डेक त्या एका फळीवर लोंबकळत होता, आणि आदल्याच आठवड्यात घरात कार्य होऊन गेलं होतं. घरमालक बराच वेळ काही बोलले नाहीत.

तेव्हा बघायचं हे: लेजरला आरपार बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रू (पान्याने आवळायचे) आहेत का? साधारण १२ मिलिमीटर जाडीचे, वर-खाली आळीपाळीने, दोन-दोन वाशांच्या मधल्या गाळ्यात. लेजरच्या डोक्यावर पत्र्याची वाकवलेली पट्टी आहे का, जी भिंतीवरून ओघळणारं पाणी लेजरच्या पुढे आणून सोडते? पट्टीच्या जागी कोणी सिलिकॉन भरून ठेवलं असेल तर ते नसल्यातच धरा. सिलिकॉन दोन-तीन वर्षांत एका कडेने सुटतं आणि मग पाणी आत घेतं पण बाहेर सोडत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला, खोलीतून, त्याच उंचीवर ओलीचा डाग आहे का तेही बघून या. आणि एक इशारा: लेजर कुजलेला निघाला तर तो सोडवण्याआधी सगळ्या वाशांखाली, भिंतीपासून हातभर अंतरावर, आडवी तुळई आणि टेकू लावावेच लागतात. टेकूखाली रुंद फळकुट ठेवायचं, नाहीतर मऊ मातीत टेकू रुततो. हे काम एकट्याने करू नका. लेजरचा प्रश्न असेल तर मी स्वतः ओळखीच्या माणसालाही ‘तू करशील’ असं म्हणत नाही, अनुभवी सुतार बोलवायला सांगतो.

दुसरी जागा खांबांचे पाय. खांब थेट मातीत पुरलेला असेल तर माती थोडी उकरा, वीतभर तरी. लाकूड खोल जमिनीत कमी कुजतं, तिथे हवा कमी असते. उघड्यावर कमी कुजतं, तिथे ओल टिकत नाही. दोन्ही भरपूर मिळतात ते जमिनीच्या पातळीला, आणि खांब बरोबर तिथेच पोखरला जातो. खांब काँक्रीटवर असेल तर तो लोखंडी बूटात बसवून काँक्रीटपासून इंचभर तरी वर उचललेला असायला हवा. काँक्रीट ओल शोषतं आणि वर बसलेल्या खांबाच्या टोकाला पाजतं. लाकडाची कापलेली टोकं म्हणजे नळ्यांच्या जुडग्याची तोंडं असतात, बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने वेगात पाणी ओढतात. खाली असताना वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का तेही पाहा. दिसल्या तर बाकी सगळं थांबवून आधी त्यांचा बंदोबस्त.

तिसरी जागा वाशांची पाठ, म्हणजे ज्या कडेवर फळ्या टेकतात ती. तुमच्या लवणाऱ्या फळ्यांचं कारण बहुधा इथे सापडेल. फळी आणि वासा यांच्या मधे पाणी बसतं, खिळ्याच्या भोकातून वाशात उतरतं, खिळ्याभोवतीचं लाकूड मऊ होतं, खिळा सुटतो, फळी वर-खाली होऊ लागते, भोक मोठं होतं, अजून पाणी जातं. खिळ्यांची डोकी वर येण्यामागे आणखी एक कारण असतं. लाकूड ओलं झालं की फुगतं, सुकलं की आक्रसतं, आणि दर फेरीला खिळा केसभर वर ढकलला जातो. म्हणून वर आलेला खिळा हातोडीने परत ठोकणं म्हणजे काही महिन्यांची उसनवारी.

वासा वरून अर्धा-पाऊण इंचच मऊ असेल आणि खाली धडधाकट असेल तर तो काढायची गरज नाही. मऊ भाग पटाशीने तासून निरोगी लाकडापर्यंत या, सुकू द्या, बुरशीनाशक लावा आणि शेजारी तेवढ्याच उंचीचा नवा वासा चिकटवून बोल्टने जोडा. याला आम्ही जोडवासा म्हणतो. बोल्ट किंवा जाड स्क्रू वर-खाली नागमोडी, फूट-सव्वा फुटावर. नवा वासा शक्यतो एका टेकीपासून दुसऱ्या टेकीपर्यंत अखंड जायला हवा. वाशाचं टोकच कुजलं असेल आणि जोडवासा त्या टोकापर्यंत पोहोचत नसेल, तर ते हवेत लटकलेलं लाकूड झालं, त्याचा उपयोग नाही. नंतर सगळ्या वाशांच्या पाठीवर ब्युटाइल रबराची चिकट पट्टी लावून घ्या. स्वस्त वस्तू आहे, पण अख्ख्या दुरुस्तीत एवढा परतावा दुसरी कुठलीच देत नाही. स्क्रू तिच्यातून गेला तरी ती स्क्रूभोवती घट्ट बसते आणि पाणी वाशात उतरत नाही.

कठड्याचं काम तातडीचं आहे. तो दुरुस्त होईपर्यंत त्या बाजूला दोरी बांधा आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. अमेरिकेच्या निवासी बांधकाम नियमांत कठड्याच्या वरच्या दांडीने कुठल्याही एका जागी २०० पौंडांचा, म्हणजे साधारण ९० किलोचा रेटा सोसावा अशी अपेक्षा आहे. म्हणजे मोठा माणूस तोल जाऊन आदळला तरी धरलं पाहिजे. आधी पाना लावून बोल्ट आवळून बघा. नऊ वर्षांत लाकूड आक्रसलेलं असतं आणि बोल्ट नुसता ढिला पडलेला असतो. बऱ्याचदा दुखणं तेवढंच निघतं. पण आवळताना वॉशर लाकडात रुतत चालला तर आतलं लाकूड गेलं असं समजा. कठड्याचा खांब नुसत्या कडेच्या फळीला जोडलेला असेल तर खांबाबरोबर ती फळीच पिळते आणि कितीही आवळलं तरी हलणं थांबत नाही. तिथे आतून वाशांच्या मधे जाड ठोकळे घालून ती फळी मागच्या वाशांना बांधायची, आणि खांबाला दोन आरपार बोल्ट, एक वर एक खाली. कठड्याच्या उभ्या गजांमधलं अंतर बऱ्याच देशांच्या नियमांत १०० मिलिमीटरच्या आत लागतं, म्हणजे लहान मुलाचं डोकं त्यातून जाऊ नये. मोजून घ्या.

आता फळ्या. सगळ्या बदलायची गरज क्वचितच असते. चिरा पडल्यात म्हणून फळी टाकू नका, उन्हातल्या लाकडाला चिरा पडणारच. त्यात पुट्टी तर मुळीच भरू नका. पुट्टी कडेने सुटते आणि तिच्याखाली पाणी साठतं. टोच्याच्या परीक्षेत नापास, गाठीवर तडकलेली, किंवा पायाला लागेल एवढी कपची निघालेली फळी काढायची. बाकीच्यांपैकी वरून झिजलेली फळी उलटी करून पाहा. तिच्या खालच्या बाजूला नऊ वर्षांत ऊन लागलेलं नसतं. वासा टेकत होता तिथे आडवे काळे पट्टे असतील, तिथे टोच्या लावा. कडक असेल तर पालथी घालून आणखी बरीच वर्षं वापरता येते. मी एका डेकच्या जवळपास निम्म्या फळ्या अशा वाचवल्यात. पहारीने काढताना मात्र पहारीखाली फळकुट ठेवा आणि खिळ्याच्या जवळच जोर द्या, मधोमध दिलात तर फळीचे दोन तुकडे हातात येतील.

फळी ठीक आहे तरी लवते, असं असेल तर वाशांमधलं अंतर मोजा. इंचभर जाडीच्या फळीला मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. दीड इंची फळी ६०० पर्यंत निभावते. अंतर जास्त निघालं तर गाळ्यात एक वासा वाढवणं हाच उपाय, फळी बदलून काही होणार नाही.

नवी फळी बसवताना फटीचा विचार लोक करत नाहीत. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, रुंदीत आक्रसतं. रासायनिक प्रक्रिया केलेली १४० मिलिमीटर रुंदीची फळी ओली आली असेल तर सुकताना ४ ते ६ मिलिमीटर सहज आत येते, म्हणून ती शेजारच्या फळीला चिकटून बसवली तरी फट आपोआप पडते. सुकी फळी असेल तर पाच मिलिमीटर फट तुम्हालाच सोडावी लागते, नाहीतर पावसात फुगून फळ्या एकमेकींना ढकलतात आणि मधूनच डोंगर होतो. मी दोन फळ्यांमधे जाडसर खिळा आडवा घालून अंतर धरतो, मापपट्टीची गरज पडत नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाला बसवण्याआधी बुरशीनाशक पाजायचं. प्रक्रिया केलेल्या लाकडातही औषध गाभ्यापर्यंत गेलेलं नसतं, कापल्यावर आतलं कोरं लाकूड उघडं पडतं.

खिळे नकोत, स्क्रू. प्रत्येक वाशावर दोन, कडेपासून पाऊण-एक इंच आत, आणि फळीच्या टोकाजवळ आधी बारीक भोक पाडूनच, नाहीतर टोक फाटतं. इंची फळीला अडीच इंची स्क्रू पुरतो. डोकं फळीच्या पातळीला आलं की थांबायचं. ड्रिलच्या जोशात डोकं आत बुडवलंत तर प्रत्येक स्क्रूवर एकेक छोटी पाण्याची वाटी तयार होते. शंभर चौरस फुटांच्या डेकवर अशा कितीतरी वाट्या. स्क्रू स्टेनलेस किंवा जाड गॅल्व्हनाइझ केलेले घ्या. आजकाल प्रक्रियेच्या लाकडात तांब्याची औषधं असतात आणि ती साध्या लोखंडाला खातात. अशा लाकडाला उघड्या ॲल्युमिनियमची पट्टीही लावू नये, तीही खाल्ली जाते. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस. सागासारख्या लाकडात आणखी एक गंमत: त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड भेटले की शाई तयार होते, जुन्या काळी शाई अशीच बनवत. खिळ्यांखाली दिसणारे काळे ओघळ तेच.

डेक २००४ च्या आधीच्या लाकडाचा असता तर मी आणखी एक गोष्ट विचारली असती. तेव्हा तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकची प्रक्रिया सर्रास होती. अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ती २००३ च्या अखेरीस थांबवली. तुमचा डेक नऊ वर्षांचा आहे, पण लाकूड जुनं, दुसरीकडून काढून आणलेलं असेल तर घासताना चांगला मास्क लावा, भुसा गोळा करा, आणि तुकडे कधीही जाळू नका. धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरतं.

हे सगळं झाल्यावर साफसफाई. इथे लोकांचं आवडतं हत्यार म्हणजे प्रेशर मशीन, आणि त्यानेच डेकचं वाटोळं होतं. जोराचं पाणी लाकडातल्या दोन रेषांमधला मऊ भाग खरवडून काढतं, कडक रेषा उभ्या राहतात, फळीला केस फुटल्यासारखे होतात. वापरायचंच असेल तर पंख्यासारखं पसरणारं तोंड लावा, दाब ७० ते १०० बारच्या वर नको, फूटभर अंतर ठेवा, आणि रेषेच्या दिशेने हात चालू ठेवा. एका जागी थांबलात की चंद्रकोर उमटलीच. मी बहुतेक वेळा ताठ नायलॉनचा ब्रश आणि सोडियम परकार्बोनेट वापरतो. पावडर कोमट पाण्यात विरघळली की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. डेक आधी भिजवा, द्रावण ओता, १५–२० मिनिटं ओलं ठेवा, सुकू देऊ नका, मग रेषेच्या दिशेने घासून धुवा. शेवाळ, मळ, करडा थर, सगळं तपकिरी फेसातून निघून जातं. उरलेलं द्रावण बाटलीत बुच मारून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटते.

धुतल्यावर लाकूड काळपट दिसेल. घाबरू नका, सोड्याचा परिणाम. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरमागे चाळीसेक ग्रॅम, लावून दहा-पंधरा मिनिटांनी धुतलं की मूळ रंग उजळतो. खिळ्यांचे काळे ओघळही त्यानेच जातात. हे विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि शेजारची झाडं आधी आणि नंतर भरपूर पाण्याने भिजवा. क्लोरीनचं ब्लीच मी वापरत नाही; ते लाकडाचे तंतू कमजोर करतं, आणि ॲसिडशी गाठ पडली तर विषारी वायू निघतो. ज्या दिवशी ॲसिड वापरणार त्या दिवशी ब्लीचची बाटली बाहेर काढूही नका.

मग सुकवणं. हीच पायरी सगळे गाळतात. वरून कोरडी दिसणारी फळी आतून ओलीच असते. चांगलं ऊन-वारं असेल तर दोन-तीन दिवस, नाहीतर आठवडा. मीटरवर १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की लाकूड तयार. मीटर नसेल तर पाण्याचे चार थेंब टाका. मिनिटाभरात जिरले तर लाकूड प्यायला तयार आहे. मोत्यासारखे तसेच राहिले तर जुनं काहीतरी अजून तोंडं बुजवून बसलंय, परत घासावं लागेल. पॉलिश पेपर ६० किंवा ८० नंबरचा. कठड्याच्या दांडीला, जिथे हात फिरतो, १०० ते १२०. चालायच्या फळ्या त्याहून गुळगुळीत करू नका. घासून घासून आरशासारखी केलेली फळी रंग पीत नाही आणि ओली झाल्यावर पाय घसरतो तो वेगळाच.

आता तुमच्या वॉर्निशकडे. वॉर्निश लाकडावर कवच तयार करतं. आतल्या टेबलावर ते शोभतं. बाहेर फळी रोज फुगते-आक्रसते, कवचाला तेवढं ताणता येत नाही, एखाद्या स्क्रूपाशी केसाएवढी भेग पडते, तिथून पाणी आत शिरतं आणि कवचामुळेच बाहेर येऊ शकत नाही. मग पोपडे. उभ्या दारावर हेच वॉर्निश बरीच वर्षं टिकतं, आडव्या फळीवर टिकत नाही. मी सुरुवातीच्या काळात एका डेकला अतिशय प्रेमाने तीन हात वॉर्निश दिलं होतं. पहिले काही महिने येणारा-जाणारा कौतुक करायचा. वर्षाच्या आत ते उन्हाने सोलवटलेल्या कातडीसारखं निघायला लागलं आणि खरवडून काढायला मला लावण्याच्या चौपट वेळ लागला, तोही फुकट.

लाकडात मुरणारं पॉलिश घ्या. तेलाचं किंवा पाण्याचं, पण मुरणारं आणि थोडा रंग असलेलं. बिनरंगी तेल पाणी अडवतं पण ऊन अडवत नाही, ऊन अडवायला रंगकणच लागतात. बिनरंगी साधारण वर्षभर, अर्धपारदर्शक दोन ते तीन वर्षं, असा माझा अनुभव. गडद अपारदर्शक आणखी टिकतं, पण ते पुन्हा कवचाच्या जवळ जातं. मुरणाऱ्या रंगाचा मोठा फायदा म्हणजे तो पोपडे न धरता फिका पडत जातो, पुढच्या वेळी धुवा आणि लावा, खरवडायला नको. नुसतं जवसाचं तेल लावा असा सल्ला कोणी देईल. ते बुरशीचं आवडतं खाद्य आहे, फळ्या काळ्या ठिपक्यांनी भरतात.

उन्हात तापलेल्या फळीवर लावू नका, मुरायच्या आत वरच सुकतं. दोन-तीन फळ्या घ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुऱ्या करा. मधेच थांबलात तर सुकलेल्यावर ओलं चढलेला पट्टा कायमचा दिसतो. कापलेल्या टोकांना पितील तितकं, दोनदा-तीनदा पाजा. पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून घ्या. ‘जास्त लावलं तर जास्त टिकेल’ असं वाटतं, प्रत्यक्षात वर राहिलेलं तेल चिकट होतं आणि धूळ धरतं.

त्या फडक्यांचं काय करता ते फार महत्त्वाचं. सुकणारं तेल हवेशी संयोग होताना उष्णता सोडतं. फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकलीत तर ती उष्णता अडकते आणि बोळा काडी न लावता पेटतो. मी एकदा संध्याकाळी हत्यारं आवरताना कोपऱ्यातल्या बादलीतून धूर येताना पाहिलाय, तेव्हापासून फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवल्याशिवाय घरी जात नाही. नाहीतर पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

दरवर्षीचं काम यानंतर फारसं उरत नाही. पावसाळी दिवस सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर फटींमधला पाचोळा पुट्टीच्या पातळ पातीने काढा, विशेषतः वाशाच्या डोक्यावर अडकलेला, तो स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. बोल्ट आवळा. थेंबाची परीक्षा करा. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, खाली ठोकळे द्या म्हणजे वारा खेळेल, आणि अधूनमधून जागा बदला. रबराच्या पायपुसण्याखाली मी कुजलेली फळी दोनदा पाहिलीये, बाकी डेक ठणठणीत असताना. डेकच्या खालच्या कडा जाळी किंवा फळ्यांनी बंद करायची हौस असेल तर हवा जायला भरपूर मोकळी जागा ठेवा.

राहिला कॉम्पोझिटचा प्रश्न. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून बनलेल्या त्या फळ्या सहजी कुजत नाहीत, रंग मागत नाहीत, साबण-ब्रशने साफ होतात. उन्हात लाकडापेक्षा जास्त तापतात, अनवाणी पायाला कळतं. घासून नव्या करता येत नाहीत, आणि तापमानाने लांबीत वाढतात, म्हणून टोकांना बनवणाऱ्याने सांगितलेली फट सोडावी लागते. घ्यायला माझी हरकत नाही. पण त्या बसणार आहेत तुमच्या याच वाशांवर, याच लेजरवर, याच खांबांवर. त्यातून त्या लाकडापेक्षा जास्त लवचिक असतात. सरळ टाकल्या तर वाशांचं अंतर ४०० मिलिमीटर आणि तिरप्या टाकल्या तर बहुधा ३०० लागतं. म्हणजे वासे वाढवावे लागतील, आणि त्यासाठी टोच्या घेऊन खाली शिरावंच लागेल. तेवढं करून या, काय सापडलं ते सांगा. फळ्या कुठल्या घ्यायच्या ते मग ठरवू.